एकशेबारा नंबरची सनई

परवा भाच्याचा मेसेज आला. "मामा, मिडी फाइल्स एकदम खऱ्या वाद्यांसारख्या वाजाव्यात तर कुठलं साउंड कार्ड घेऊ?" मी ऑफिसच्या कँटीनमधे होतो, समोर चहा गार होत होता आणि मी मोबाइलकडे बघून एकटाच हसत होतो, कारण हाच प्रश्न घेऊन मी १९९९ च्या दिवाळीनंतर लॅमिंग्टन रोडवरची दुकानं पालथी घातली होती, आणि ती सुद्धा ह्याच्याच आईच्या लग्नापायी. त्याला हे काहीच माहीत नाही. त्याला वाटतं मामा जन्मापासून सॉफ्टवेअर टेस्टिंगच करतोय.

मी त्याला एका ओळीत उत्तर दिलं, की बाबा रे, साउंड कार्ड घेऊच नकोस. उत्तर बरोबर आहे. पण एवढ्यावर भागत नाही, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो, दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत शोकेसच्या बाजूला बाबांनी पीएफमधून पैसे काढून आणलेला असेंबल्ड पेंटियम टू. ६४ एमबी रॅम. त्यात दुकानदाराने "साउंड भी डाल दिया है" म्हणून बसवलेलं एक बिननावाचं साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज काढणारी पाटी. इंटरनेट डायल-अप, रात्री अकरानंतर लावायचं म्हणजे घरचा फोन अडत नाही. एमपीथ्री उतरवायची तर अर्धा-पाऊण तास, मधेच लाइन कट झाली की पुन्हा पहिल्यापासून, आणि मिडी मात्र टिचकी मारली की हजर. अख्खं गाणं ३० केबी! एका फ्लॉपीत चाळीसेक गाणी मावायची. मला वाटलं हा काहीतरी चमत्कारच आहे, कुणीतरी गाणं एवढं दाबून दाबून बारीक केलंय.

गाणं दाबलेलं नसतं, त्यात आवाजच नसतो, हे कळायला मला सहा महिने लागले. मिडी म्हणजे नोटेशन. भातखंड्यांच्या पद्धतीत लिहिलेली बंदिश असते ना वहीत, तशी. कुठला सूर, कधी, किती वेळ, किती जोरात, बस. वही बंद केली की खोलीत शांतता. १९८३ मधे सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापसात ठरवून हे प्रकरण आणलं, एकाचा कीबोर्ड दुसऱ्याच्या कीबोर्डला जोडता यावा म्हणून, सेकंदाला ३१,२५० बिट्स, सोळा चॅनल (एकेका वाद्याची वेगळी ओळ), आणि बहुतेक सगळ्या गोष्टींचं मोजमाप ० ते १२७. वही कोण वाचतो, तो कसा वाजवतो, ते त्या बिचाऱ्या फाइलच्या हातात नाही. माझ्याकडे ती वही वाचायला बसला होता ते बिननावाचं कार्ड.

त्या कार्डावर एफएम चिप होती, हा रेडिओवरचा एफएम नव्हे, आवाज तयार करायची एक पद्धत. एका लहरीने दुसऱ्या लहरीला हलवायचं आणि त्यातून तिसराच आवाज काढायचा, स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगची ही युक्ती, यामाहाने ती घेतली आणि १९८३ च्या डीएक्स७ सिंथेसायझरमधून जगभर पोचवली. स्वस्तातलं रूप १९८७ मधे ॲडलिब कार्डावर आलं, एका वेळी नऊ आवाज, मग १९८९ ला सिंगापूरच्या क्रिएटिव्हने तीच चिप साउंड ब्लास्टरवर घातली आणि पुढे दहा वर्षं जगातल्या निम्म्या पोरांनी गेम खेळताना तोच आवाज ऐकला. मला एफएमबद्दल राग नाही. त्याची घंटी छान, त्याचा बेस छान. पण सनई? एफएमची सनई म्हणजे कानाशी डास.

आणि मला हवी होती सनई.

झालं असं की ताईचं लग्न ठरलं, मे २००० मधलं, आणि घरात सनई-चौघड्याचा विषय निघाला. बाबा म्हणाले कॅसेट लावू, सगळेच लावतात. खरंच सगळेच लावायचे, बिस्मिल्ला खाँसाहेबांची कॅसेट नसलेला हॉल तेव्हा महाराष्ट्रात नसेल. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, डोक्यात हवा, मी जाहीर केलं की सनई मी कॉम्प्युटरवर वाजवून दाखवीन. ताई म्हणाली, "माझ्या लग्नात टिंगटिंग वाजलं ना तर तुला हॉलमधे घेणार नाही." नानाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ते एवढंच म्हणाले, "वाजव की, आधी मला ऐकव."

ऐकवलं. काकांनी बसल्या जागी हाताने डास मारल्यासारखं केलं आणि उठून गेले.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि नानाकाका निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, आणि ग्रँट रोडला उतरून चालत. लॅमिंग्टन रोडचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा. खिशात माझ्या शिकवण्यांचे साठवलेले पैसे, आणि एका फ्लॉपीत मी केलेली परीक्षा. परीक्षा म्हणजे एक मिडी फाइल, त्यात फक्त सनई, सारंगाचे चार आलाप माउसने एकेक सूर टिचून लिहिलेले, खाली सा चा धरलेला सूर.

इथे थोडं मिडीतल्या वाद्यांच्या यादीबद्दल सांगायला हवं. १९९१ मधे जनरल मिडी नावाचं एक प्रमाण ठरलं, की ऐंशी-नव्वद कंपन्यांनी ऐंशी-नव्वद प्रकारे नंबर देण्यापेक्षा सगळ्यांनी एकच यादी पाळू, १२८ वाद्यं. १ ला पियानो, ४१ ला व्हायोलिन, चॅनल १० वर ड्रम. ही यादी मी तेव्हा पाठ केली होती, बायकोला अजून म्हणून दाखवतो. १०५ सतार, १०६ बँजो, मग दोन जपानी, १०९ आफ्रिकेतला कलिंबा, ११० बॅगपाइप, १११ फिडल आणि ११२ सनई, तीही इंग्रजीत शनाई. आपल्या वाट्याला एवढंच, दोन वाद्यं. पेटी नाही, तिच्या जवळचं काही हवं तर २१ नंबरचं रीड ऑर्गन. तबला नाही. बासरी नाही, वेस्टर्न फ्लूट आहे. १२६ वर हेलिकॉप्टर मात्र आहे, १२८ वर बंदुकीची गोळी आहे, १२७ वर टाळ्या आहेत. हेलिकॉप्टरला जागा झाली आणि तबल्याला नाही! म्हणून तर त्या काळातल्या हिंदी गाण्यांच्या मिडीमधे तबल्याच्या जागी बोंगो-कोंगा ऐकू यायचे, लताबाईंच्या गाण्यामागे क्यूबाची वरात चाललीय असं वाटायचं. अजून एक गंमत, काही सॉफ्टवेअर ही यादी १ पासून मोजतात आणि काही ० पासून, त्यामुळे एकदा मी इमानदारीत नंबर घालून अर्धा तास फिडलवर सारंग वाजवला होता आणि सनईला शिव्या देत होतो.

दुकानात पोचलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, काउंटरवर उघडा कॉम्प्युटर, कार्ड बदलायची तर तिथेच स्क्रू काढून. दुकानदाराने आधी सगळ्यांना दाखवायचा तो डेमो लावला, गेममधला स्फोट डावीकडून उजवीकडे जातो तो. नानाकाका शांतपणे म्हणाले, "यात सनई आहे का?" तो म्हणाला, "सब है अंकल." मग मी फ्लॉपी काढली.

तीन कार्डं ऐकली. पहिलं, वापरलेलं एडब्ल्यूई ६४, १९९६ चं मॉडेल, जुन्या लांबड्या स्लॉटमधलं. यात चिप ईमू कंपनीची, म्हणजे ज्यांनी स्टुडिओसाठी सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारी यंत्रं) बनवले तीच मंडळी. याला वेव्हटेबल म्हणतात, लहरी हलवण्याचा खेळ नाही, सरळ खऱ्या वाद्याचा छोटा तुकडा रेकॉर्ड करून ठेवलेला आणि सूर बदलला की तो तुकडा भरभर किंवा हळूहळू फिरवायचा. आपला स्वतःचा आवाजही घालता येतो, साउंडफॉन्ट म्हणतात त्याला, पण तो ठेवायला कार्डावरच मेमरी लागते आणि साध्या मॉडेलवर ती होती ५१२ केबी. वाढवायची तर खास त्याच कार्डाची मेमरी लागायची, ती दुकानदाराने जन्मात बघितली नव्हती. रद्द.

दुसरं, यामाहाच्या ७२४ चिपचं पीसीआय कार्ड, म्हणजे नव्या आखूड स्लॉटमधलं, ह्या तिघांत सगळ्यात स्वस्त, डबीत सीडी आणि एक घडी केलेला कागद. पण आतमधे एक्सजी, यामाहाने १९९४ मधे जनरल मिडीच्या वर आपली मजले चढवलेली पद्धत, रिव्हर्ब म्हणजे आवाजाला घुमारा वगैरे सगळं. सनई वाजली. मी आणि काका दोघांनीही एकदम एकमेकांकडे बघितलं. खरी नव्हती, पण सनई होती, म्हणजे रस्त्याने जाताना दुरून ऐकली तर कुणाच्यातरी दारात मांडव आहे असं वाटलं असतं.

तिसरं साउंड ब्लास्टर लाइव्ह. १९९८ चं, तेव्हाचा राजा. ६४ आवाज एका वेळी, आणि मुख्य म्हणजे साउंडफॉन्ट कॉम्प्युटरच्याच रॅममधे जायचा, ३२ एमबीपर्यंत. ५१२ केबी कुठे आणि ३२ एमबी कुठे! तिथे दुकानात मूळच्या लहान संचावर (संच म्हणजे सगळ्या वाद्यांच्या तुकड्यांचा गठ्ठा) त्याची सनई वाजली ती काकांना काही आवडली नाही. "याला सर्दी झालीय," म्हणाले. "ते आधीचं घे. स्वस्त आहे आणि बरं वाजतंय."

आता इथे मी जे केलं ते त्या वयात कुणीही केलं असतं. मी आकडे बघितले. ६४ आवाज, ३२ एमबी. एक सनई वाजवायची होती मला, एक सनई आणि एक धरलेला सूर, म्हणजे दोन आवाज, आणि एका माणसासाठी अख्खी एसटी ठरवावी तसं मी ते महागडं कार्ड घेतलं. काका काही बोलले नाहीत. येताना गाडीत कल्याण लोकलची गर्दी, कार्डाचा खोका छातीशी धरून मी उभा, आणि काका कुर्ल्याला म्हणाले, "अरे पण ऐकलंस कशासाठी मग?"

खोका अजून माळ्यावर आहे. हे वाक्यही.

घरी येऊन बसवलं, मोठा ८ एमबीचा संच लोड केला (६४ पैकी ८ गेले की विंडोज ९८ कसं कण्हायचं ते ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत), आणि पियानो ऐकून खरंच अंगावर काटा आला, व्हायोलिनचा ताफा तर असा की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण ११२ नंबर? तो तसाच. आता कळतं की यात कुणाचीच चूक नाही. जो संच बनवतो त्याच्याकडे जागा मोजकी, पियानो सगळे ऐकणार, त्याला जास्त तुकडे, दर तीन-चार सुरांना एक नवीन रेकॉर्डिंग, हळू वाजवलेलं वेगळं, जोरात वाजवलेलं वेगळं. आणि सनई जगात किती लोक मागणार, तिला एक तुकडा, तोच ताणून खालपासून वरपर्यंत. खाली गेला की म्हातारा होतो, वर गेला की पोरगं होतं. कुठलंही कार्ड, कुठलाही संच असो, यादीच्या शेवटाकडच्या वाद्यांवरून बनवणाऱ्याची नियत कळते, हे माझं मत अजून कायम आहे. पियानोवरून कधीच पारख करू नये, पियानो सगळेच सजवून ठेवतात, बैठकीच्या खोलीसारखा.

मग एकच मार्ग राहिला. सनई आपणच घालायची.

आमच्याकडे पाडव्याच्या स्वागतयात्रेत सनई वाजवायला एक गृहस्थ यायचे, एरवी जवळच्या देवळात सकाळी वाजवायचे. नानाकाकांची ओळख होती. एका दुपारी देवळाच्या मागच्या ओसरीवर आम्ही त्यांना बसवलं, समोर माझा कॅसेट रेकॉर्डर, आणि मी सांगितलं की बुवा, सा पासून नी पर्यंत बारा सूर, एकेक सूर चार सेकंद, सरळ, न हलवता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी त्यांना श्रीखंडातली फक्त साखर वाढायला सांगितली. तरी वाजवलं बिचाऱ्यांनी. पण कोमल रिषभ आला की त्यांना राहवायचं नाही, तो सूर जागचा हलायचा, खाली टेकून वर यायचा, आणि मी हात वर करायचो, "बुवा, सरळ." तीनदा झालं. पंचमाच्या वेळी तर शेजारच्या चाळीत कुकरची शिट्टी झाली आणि ती रेकॉर्ड झाली ती झालीच, पुन्हा वाजवा म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

घरी ते सगळं कॉम्प्युटरमधे घेतलं, ४४.१ किलोहर्ट्झ, सोळा बिट, चार सेकंदाचा एक तुकडा साडेतीनशे केबीच्या आसपास. साउंडफॉन्ट बनवायचं व्हिएन्ना नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यात एकेक तुकडा कापायचा, मधला भाग फिरत राहावा म्हणून लूप लावायचा, लूपची दोन टोकं नीट जुळली नाहीत तर दर फेरीला टक्, टक्. रात्रीच्या रात्री गेल्या. बुवांचा सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी होता, मी तो पेटीला जुळवून घेतला. सगळे बारा जुळवले. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला जे फुरफुर व्हायचं, खालून वर सरकायचं, ते मला घाण वाटलं, ते मी साफ छाटून टाकलं. एकदम स्वच्छ बारा सूर. वाजवून बघितलं.

बारा वेगवेगळी माणसं वाजवत होती. एका ओळीत उभी, प्रत्येकाकडे एकच सूर, आपली पाळी आली की ओरडायचं. आणि पंचमातून कुकर. पंचमाचाच तुकडा मी वरच्या सप्तकातल्या पंचमालाही वापरला होता, तिथे तो कुकर वरच्या पट्टीत शिट्टी मारायचा.

मी बुवांनाच घरी बोलावलं. चहा झाला, आईने शंकरपाळे ठेवले, आणि मी ऐकवलं. ते हसले नाहीत याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "पहिलं फुंकणं कापलंत का?"

मी म्हटलं, "हो, ते खराब होतं."

"ते खराब नाही हो. तेच तर आधी ऐकू येतं माणसाला. ते काढलंत तर मग ही सनई कशावरून?"

हे खरंच आहे, वाद्याची ओळख सुरुवातीच्या त्या क्षणभराच्या आवाजात जास्त असते, तो कापला तर नुसत्या मधल्या लांब सुरावरून भलेभले फसतात. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, पण मी ती छाटलेली सगळी फुरफुर परत जोडली. आणि मग दुसरी गोष्ट, जी बुवांनी सांगितली नाही, त्यांचं रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकून ऐकून माझी मला दिसली, की ज्या तीन ठिकाणी मी "सरळ" म्हणून हात वर केला होता, ती तीन ठिकाणं सोडून बाकी सगळ्या कॅसेटमधे सनई नव्हतीच. बारा सूर होते.

म्हणजे मी चुकीच्या गोष्टीचा संग्रह करत होतो. सूर नको होते, दोन सुरांमधलं हवं होतं.

वहीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कशी दाखवतात? दोन सुरांवर एक कमान काढतात, संपलं. गाणाऱ्याला कळतं. मिडीमधे ती कमान काढायला पिच बेंड नावाचं चाक आहे आणि त्याच्या बाबतीत मात्र मिडीवाले उदार आहेत, बाकी सगळं १२८ पायऱ्यांत बसवलंय आणि याला १६,३८४ पायऱ्या. अडचण एवढीच की जनरल मिडीप्रमाणे त्याची धाव वर दोन अर्धसूर, खाली दोन अर्धसूर. सा वरून रे पर्यंत कसंबसं. सारंगात रे वरून म ला जायचं तर दोरी तोकडी. ती वाढवता येते, मिडीत कंट्रोलर म्हणून नंबर दिलेले हुकूम असतात, त्यातल्या १०१ ला शून्य, १०० ला शून्य, मग ६ ला १२ पाठवलं की अख्खं सप्तक एका सुरातून. हे वाचलं त्या रात्री मी बारातले दहा तुकडे काढून टाकले. मधला सा ठेवला, फुरफुरीसकट, आणि वरचा एक. बाकी सगळे सूर त्या एका सा ला वाकवून. केकवॉक नावाच्या मिडी लिहायच्या सॉफ्टवेअरमधे खिडकी उघडून माउसने एकेक कमान काढायची, कधी पोट फुगलेली, कधी उशिरा उठणारी, आणि प्रत्येक कमानीच्या खाली कंट्रोलर ११ ची दुसरी रेघ, दम कमी-जास्त करायला. खालचा धरलेला सूर वेगळ्या चॅनलवर, कारण बेंड अख्ख्या चॅनलला लागतो, नाहीतर मींड घेताना सूर धरणारा पण तुमच्यासोबत डोंगर चढायला लागतो. माझा पहिल्यांदा चढलाच.

अडीच मिनिटांच्या आलापाला सव्वा महिना लागला. परीक्षेत एक विषय राहिला, तो घरी आजतागायत साउंड ब्लास्टरच्या नावाने ओळखला जातो.

आणि गंमत ऐका. आठवणीने मी ती फाइल मित्राच्या घरी नेली, त्याने ते स्वस्तातलं यामाहाचं कार्ड घेतलं होतं, त्यावर माझा सा वगैरे काही नाही, त्यांचीच ११२ नंबरची सनई. वाजवली. माझ्या घरच्यापेक्षा फार तर रुपयात चार आणे कमी. चार आणे! सगळी मेहनत त्या कमानींत होती आणि त्या कमानी ३० केबीच्या फाइलमधे होत्या, कार्डात नव्हत्याच. मी दुकानात तीन कार्डं ज्या फाइलने तपासली होती ती फाइलच मुळात टिचलेल्या सुरांची होती. परीक्षकच नापास. नानाकाकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मी पेटीवाला, मला मींड काय सांगतोस, आमच्याकडे ती नाहीच," आणि पुन्हा वाजवायला लावलं. मग थोडा वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं आता शाबासकी. म्हणाले, "छान आहे. पण गाल दिसत नाहीत रे याचे."

आता याला काय करणार. बासरी असती तर श्वास कुठे घेतो ते दाखवावं लागलं असतं, सनईवाला तर गालात हवा धरून दम न तोडता वाजवतो, मला वाटत होतं हे एक वाद्य तरी कॉम्प्युटरला सोपं आहे, श्वास दाखवायची भानगडच नाही. पण काकांना गाल हवे होते.

लग्नात मुहूर्ताला बुवाच बसले, त्यांचा सूर धरणारा मुलगा आणि चौघडा, बाबांनीच सांगून ठेवलं होतं, मला आदल्या दिवशी कळलं. माझी सनई कॅसेटवर उतरवून पंगतीच्या वेळी लावली. कुणीही काहीही म्हणालं नाही. एक मावशी तेवढी आली, "ते जरा हळू करायला सांग, वाढप्यांना भात मागितलेला ऐकू जात नाहीये." मी हळू केलं. बुवा जेवत होते, पहिल्या पंगतीत, जिलबी हातात, आणि मी बघत होतो त्यांच्याकडे, ते एका जागी थांबले, मान किंचित हलली, रे वरून म च्या त्या जागेला, आणि पुन्हा जेवायला लागले. ताईने तेव्हाही ऐकलं नाही आणि नंतरही नाही.

असो, भाच्याचा प्रश्न राहिलाच.

साउंड कार्ड घेऊ नको म्हटलं ते यासाठी की वाद्यं आता कार्डात राहतच नाहीत. १९९७ मधे इंटेलने एसी ९७ नावाचं प्रमाण आणलं, आवाजाची सोय मदरबोर्डवरच आली, प्रोसेसर एवढे वेगवान झाले की ६४ आवाज काय, शेकडो तो हसत हसत काढतो, आणि साउंड कार्ड नावाच्या डबीला कामच उरलं नाही. आज जे लागतं ते म्हणजे एक सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे मिडीची वही वाचून वाजवणारा प्रोग्राम, फ्लुइडसिंथ वगैरे, फुकट मिळतं, आणि एक चांगला साउंडफॉन्ट. फ्लुइड आर३ सुमारे १४० एमबीचा आहे, जनरलयूझर जीएस सुमारे ३० चा, आणि मला विचाराल तर तो ३० वाला जास्त समजूतदार, सगळी वाद्यं एकमेकांचं ऐकून वाजवतात. विंडोजमधे जो आपोआप वाजतो तो रोलंडकडून घेतलेला छोटासा संच, चार एमबी सुद्धा नाही, तो ऐकून मिडीला नावं ठेवू नयेत. पैसे असतीलच तर एखादा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायची आवाजाची डबी, घ्यावा, ते वाद्यं खरी वाटावीत म्हणून नाही, तर बोट दाबल्यावर आवाज लगेच यावा म्हणून. आवाज लवकर पोचवणारा एएसआयओ ड्रायव्हर, आणि बफर (आवाज थोडा साठवून पुढे पाठवायची जागा) २५६ ठेवला तर त्या बफरचा उशीर सहा मिलिसेकंदाच्या आत, एकूण उशीर त्याहून फार वर गेला की पट्टी आणि कान यांचं भांडण सुरू होतं. आणि उरलेले पैसे हेडफोनवर घालावेत.

एक सांगायचं राहिलं, जुन्या मिडी फाइल्स नव्या महागड्या संचावर कधीकधी बिघडतात. पियानो एक जीबीचा, राजासारखा, आणि त्याच्यासमोर बासरीवाली बिचारी कुठल्या कोपऱ्यात. कारण त्या काळातले कितीतरी लोक फाइल लिहिताना समोर रोलंडचा साउंड कॅनव्हास, म्हणजे मिडी वाजवणारी वेगळी पेटी, ठेवून लिहायचे, १९९१ चा एससी-५५, त्याच्या आवाजांवर सगळं तोलून. मग तुम्ही कितीही खरा पियानो आणा, त्या फाइलला तो पाहुणाच. अशा फाइलला जुन्या संचाची नक्कल केलेला साउंडफॉन्ट लावला की सगळं पुन्हा आपापल्या जागी बसतं. "खरं" म्हणजे काय ते मग तुमचं तुम्ही ठरवा, मी त्या वादात आता पडत नाही.

भाच्याला एवढं सगळं टाइप करून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. मग मला काय सुचलं, जुन्या हार्ड डिस्कवरून उतरवलेली ती फाइल शोधली, तारीख एप्रिल २०००, ३१ केबी, ती पाठवली आणि लिहिलं, तुझ्या आईच्या लग्नातली आहे, ११२ नंबरचं वाद्य लाव आणि ऐक.

अर्ध्या तासाने त्याचा व्हॉइस मेसेज. "मामा, यात सनई कुठाय? घंट्या वाजतायत."

माझ्या लक्षात आलं, त्याचं सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतंय, आणि सनईच्या शेजारी राहते ती टिंकल बेल. माझा सव्वा महिना, सगळ्या कमानी, रे वरून म ला जाणारी ती जागा, सगळं एका चिमुकल्या घंटीवर.

"एक नंबर कमी कर," मी लिहीत होतो तेवढ्यात त्याचा दुसरा आला. "पण भारी वाटतंय यार हे. देवघरातली घंटी वितळतेय असं काहीतरी. मी याच्यावर ट्रॅक करू का?"

मी लिहिलेलं खोडलं. म्हटलं, थांब, आधी रेकॉर्ड करून मला पाठव.